आधी रिकामं ऐकायचं

माझ्या आईचा उजवा हात मनगटाच्या वर जरासा वाकडा आहे, आणि तो मीच मोडलाय. फायबरच्या नळीनं, भर सकाळी, चांगली ताकद लावून. मांडवगणच्या बाजारात अजून एखादा माझ्याकडं बोट करून शेजारच्याला सांगतो, "त्यो बघ, आईला हाणणारा इंजिनेर." जे त्या दिवशी तिथं नव्हते तेच असं म्हणतात. पूर्वी मी अंगावर धावून जायचो, आता जात नाही. हात मोडला म्हणून आई आहे, एवढं मला पुरे.

पण हे नीट सांगायचं तर आधी माझ्या धंद्याचं सांगावं लागतं, आणि तिथंच लोक जांभया द्यायला लागतात. थोडक्यात सांगतो. मी अँटेना बनवतो. टीव्हीचा नाही, मोबाईलच्या टॉवरचाही नाही. जगात जे जे विजेवर चालतं, मिक्सर घ्या, चार्जर घ्या, एलईडीचा दिवा घ्या, ते सगळं गुपचूप रेडिओच्या लहरी बाहेर फेकत असतं. आपल्याला त्या ऐकू येत नाहीत, पण दुसऱ्या यंत्रांना येतात आणि ती बिघडतात. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी लावलेलं यंत्र शेजारच्या स्वस्तातल्या चार्जरमुळं खुळ्यासारखं वागलं तर काय होईल, विचार करा. म्हणून माल बाजारात जायच्या आधी त्याची तपासणी होते. ते यंत्र चालू करायचं, समोर अँटेना उभा करायचा, आणि ते किती बोंबलतंय ते मोजायचं.

आता या बोंबलण्यात जाड आवाज असतात आणि बारीकही असतात. जाड आवाज धरायला दोन मोठ्या पिंजऱ्यांचे पंख असलेला अँटेना लागतो. बारीक आवाजाला माशाच्या काट्यासारखा, लहान सळीपासून मोठ्या सळीपर्यंत ओळीनं लावलेला. अर्धं मोजून झालं की एक उतरवा, दुसरा चढवा, सगळं पुन्हा जुळवा. मी दोन्ही एकाच दांड्यावर बसवतो. पुढं काटा, मागं पंख. त्याला हायब्रिड म्हणतात. म्हणायला सोपं आहे हो! दोघं जिथं जोडले जातात तिथं खरी मारामारी असते. त्या जागच्या लहरीला काटा म्हणतो ही माझी नाही, पंख म्हणतात आमची पण नाही, आणि आलेखात बरोबर तिथं खड्डा पडतो. तो खड्डा बुजवण्यात माझी वर्षं गेली, शिरूरकडच्या एमआयडीसीतली नोकरी गेली, आणि बऱ्याच चांगल्या माणसांशी माझी भांडणं झाली. नोकरी कशी गेली विचाराल, तर साहेब म्हणाले, "खड्डा ग्राहकाला दिसत नाही, राहू दे." मी हातातला पाना त्यांच्या टेबलाच्या काचेवर हाणला. मला राग लवकर येतो. आमच्या घरात सगळ्यांनाच येतो.

म्हणून मी गावाकडं आलो. आमचं शिवार नदीच्या अंगाला आहे. मोबाईलला धड रेंज नाही म्हणून लोक शिव्या देतात, मी मात्र देवाला हात जोडायचो, कारण माझ्या धंद्याला अशीच गपगार जागा लागते. दोन एकरांतला एक तुकडा मी सपाट करून घेतला. त्यावर मध्ये एक लाकडी टेबल, टेबलासमोर फायबरच्या नळ्यांचा उंच खांब, त्या खांबावर माझा अँटेना. खांबाला लोखंड चालत नाही, लोखंडानं लहरी वाकतात. बाजूला पत्र्याऐवजी बांबू आणि ताडपत्रीची एक खोली, तिच्यात मोजायचं यंत्र आणि एक छोटा स्पीकर, म्हणजे जे मोजतोय ते कानांनीही ऐकता येतं.

आणि या धंद्यातला एक नियम आहे, तो कुणीच मोडत नाही. काहीही मोजायच्या आधी रिकामं ऐकायचं. टेबलावर काही नाही, सगळं बंद, नुसता अँटेना चालू. जागेचा स्वतःचा आवाज किती आहे ते आधी बघायचं. नाहीतर शेजारच्याचा गोंधळ आपण यंत्राच्या माथी मारतो. रोज सकाळी मी पहिलं काम हे करायचो.

पहिल्याच दिवशी मला ती टिकटिक ऐकू आली.

टिक. टिक. टिक. सेकंदाला एक. पडद्यावर जाडपासून बारीकपर्यंत एकदम उभी रेघ उठायची आणि विझायची. मी अँटेना चारी दिशांना फिरवला. त्याचं नाक आप्पांच्या उसाकडं झालं की टिकटिक मोठी व्हायची.

आप्पा म्हणजे आमचे शेजारी. बांधाला बांध लागून त्यांची बागायत, ऊस, कांदा, मका. एके काळचे सरपंच, सोसायटीत अजूनही त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नाही. आम्ही मेंढरंवाले. माझ्या आजाच्या वेळेपासून पेरणीच्या आधी आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची, लेंड्यांचं खत व्हायचं, आणि त्या बदल्यात वर्षभर त्यांच्या बांधाच्या गवतावर आमचा हक्क. लिहिलेलं कुठं काही नाही. मेंढरं आता उरली थोडीच, आमची आई हौसेनं पाळते तेवढी, पण बांधाचा तो हक्क तसाच राहिला. रोज सकाळी उन्हं अंगावर आली की आई मेंढ्या सोडायची आणि त्या बांधानं पुढं जायची.

उसात रानडुकरं घुसायला लागली, वर बिबट्याची बोंब, तेव्हा आप्पांनी बांधाच्या कडेनं तार ओढली आणि तिला झटका मशीन लावलं. हे मशीन बॅटरीवर चालतं. सेकंदाला एक असा झटका तारेत सोडतं. डुकराला चटका बसतो, ते पळतं, मरत नाही. माणूसही मरत नाही. आप्पांना त्या मशीनचं भारी कौतुक. घरी पाहुणा आला की त्याला बांधावर न्यायचे, स्वतः हाताच्या पालथ्या बाजूनं तारेला शिवायचे, हात झटकायचे आणि हसून म्हणायचे, "बघा, जीव न्हाई घेत, निस्ती अद्दल घडवती." मलाही दाखवलं होतं. आईलाही.

तर ती टिकटिक म्हणजे हे मशीन. माझ्या मोजमापाचा तिनं पार चिवडा करून टाकला. मी रीतसर गेलो. आप्पा दौंडला गेले होते, थोरला होता. आप्पांचा थोरला मुलगा, माझ्याच वयाचा, शाळेत एका बाकावर बसलेला. म्हटलं, सकाळचे दोन तास मशीन बंद ठेव, डुकरं काय सकाळी येत नाहीत. तो म्हणाला, "आन् तुझ्या त्या काट्यानं आमच्या कांद्याला पीळ पडतोय त्याचं काय? ह्या साली समदी पात वाकडी झाली. त्यो उभा केलास तवापासनं."

कांद्याला पीळ पडतो तो रोगानं. मी त्याला समजावलं. माझा अँटेना काही सोडत नाही, फक्त ऐकतो, कान आहे तो. तो म्हणाला, "कान? मग आमच्या घरातलं बी ऐकत असशील." आता या माणसाशी काय बोलणार! मी जोरात हसलो, आणि तिथं चुकलं. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुसऱ्या दिवशी मी वरवंडला लेथवर गेलो होतो, जोडाच्या जागी बसवायचा एक तुकडा करून घ्यायला. परत आलो तर थोरला माझ्या सपाट रानात उभा. खांब आडवा पाडलेला, आणि तो काट्याची एकेक सळी गुडघ्यावर घेऊन वाकवत होता. निवांतपणे. भेंडी मोडून बघतात तसं.

माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्या सळ्यांची लांबी मी केसाएवढ्या फरकानं ठरवली होती. मी गाडीवरून उडी मारली, हातात पिशवी होती, पिशवीत तो पितळेचा तुकडा होता, तीच पिशवी फिरवून त्याच्या तोंडावर मारली. त्याचा पुढचा दात तुटला. मग त्यानं माझं डोकं धरलं आणि टेबलाच्या कडेवर आपटलं, भुवई फाटली, एक डोळा रक्तानं मिटला. आम्ही मातीत लोळलो. मी त्याचा कान चावला, खोटं कशाला बोलू, चावलाच. त्यानं माझ्या बरगडीत गुडघा घातला. आई मेंढ्या टाकून आली आणि हातातल्या काठीनं दोघांनाही सपासप झोडपायला लागली. "मरा! मरा दोघं बी, म्हंजी मी सुटन!" ती असंच बोलते.

तेवढ्यात आप्पांची जीप आली.

आप्पा खाली उतरले, काही विचारलं नाही. आधी वाकलेल्या सळ्यांकडं बघितलं, मग थोरल्याच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की त्याच्या तोंडातलं रक्त माझ्या सदऱ्यावर उडालं. "दुसऱ्याच्या रानात पाय कसा टाकलास?" मग वळून तेवढ्याच ताकदीची एक माझ्या गालावर. "आन् तू, शिकलेला ना? दात पाडतोस?" कान सुन्न झाला. आप्पांपुढं कुणीच बोलत नाही.

"मशीन सकाळचं वाजणार न्हाई," आप्पा म्हणाले. "माझा शब्द हाय. वहिनी, तुमच्या देखत सांगतो."

"तुमचा शब्द म्हंजी काय बघायचंच न्हाई," आई म्हणाली.

थोरला तोंडावर हात धरून उभा होता. जाताना माझ्याजवळून गेला आणि हळूच म्हणाला, "टिकटिक नगं ना तुला? न्हाई ऐकू येणार." मी तेव्हा ते धमकी म्हणून घेतलंच नाही. मला वाटलं, जिरली.

सळ्या नव्या केल्या, पुन्हा वरवंड, पुन्हा कानस, पुन्हा मोजणं. चिडलेल्या हातानं काम बरं होतं माझं. अँटेना पुन्हा जोडला तेव्हा त्या जोडाच्या जागचा खड्डा पहिल्यापेक्षा उथळ झाला होता. मारामारीत वाकलेला जोडाजवळचा एक ब्रॅकेट तसाच राहिला होता, त्याच्यानंच ते झालं असावं. मी कधी सरळ केला नाही तो.

मग ती सकाळ.

दौंडच्या एका कारखानदाराचा पंपाचा कंट्रोलर तपासायला आला होता. तो मी खोक्यातून काढला नव्हता. आधी रिकामं ऐकायचं. यंत्र लावलं, स्पीकरचा आवाज वाढवला आणि कान दिला.

काही नाही. नुसता हलका खरखरीत शांतपणा. टिकटिक नाही. पडद्यावर एक सपाट रेघ. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी राहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझं रान गप्प होतं. मी खोलीच्या बाहेर येऊन ओरडलो, "आई! आप्पांनी शब्द पाळला बरं का!"

आई काट्यांच्या कुपाटीचं फाटक उघडून मेंढ्या सोडत होती. "पाळायचाच," ती म्हणाली. "आप्पा हाय त्यो." आणि मेंढ्या बांधाच्या वाटेला लागल्या, मागून ती, काठी खांद्यावर आडवी टाकून.

मी खांब उंच करायला घेतला. त्याला वरून आणखी एक नळी जोडायची असते, माणसाच्या उंचीची, हातात मावेल एवढी जाड. ती मी उचलली आणि तेवढ्यात शेतीची लाईट आली. लाईट आली की आमच्या शिवारात लगेच कळतं, एकेक मोटार घूं करत सुरू होते, लांबवर कुणाच्या तरी ऑटो स्टार्टरचा खटका पडतो.

आणि माझ्या स्पीकरनं घसा खाकरला.

चर्रर्रर्र. तुटक नाही, सलग. चिखलात पाय घासत कुणी चालावं तसा जाडाभरडा आवाज. मी पडद्याकडं बघितलं. जाड आवाजाच्या बाजूला रेघ फुगून वर आली होती. पहिल्यांदा वाटलं कुणाची मोटार जळाली. अँटेना हातानं फिरवला. गावाकडं केला, आवाज कमी. नदीकडं केला, आणखी कमी. आप्पांच्या बांधाकडं नाक केलं आणि स्पीकर फाटायला आला.

हा आवाज मी ओळखतो. चालू लाईन ओल्या गवताला टेकली की बारीक बारीक ठिणग्या उडतात, डोळ्याला दिसत नाहीत, त्यांचा हा आवाज. तारेला मशीन नव्हतंच आता. तारेला सरळ लाईट जोडली होती. आणि त्या तारेच्या कडेनं आई चालली होती.

हातातली नळी हातात तशीच. मी पळालो.

"आई! तारेला शिवू नगंस! आईऽऽ!" चहूकडं मोटारी चालू, तिला काय ऐकू जाणार. ढेकळांतून पळताना एक चप्पल गेली, मग दुसरी. मला ती दिसत होती. एक मेंढी तारेत मान घालून अडकली होती, पलीकडच्या मक्याला तोंड लावायला गेली असणार. मेंढी हलत नव्हती. आईला वाटलं नुसती अडकलीय. तार तिला माहीत होती, आप्पांनी दाखवलेली, जीव न घेणारी, निस्ती अद्दल घडवणारी. तिनं काठी खाली टाकली, वाकली आणि मेंढीचा मागचा पाय उजव्या हातात धरला.

आणि तशीच राहिली.

ओरडली नाही. मागं पडली नाही. वाकलेली, मान वर ओढलेली, आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. हात मेंढीच्या पायावर आवळलेला. सोडायचा म्हटला तरी सुटत नाही, लाईट अशीच धरते माणसाला. तिला हात लावला असता तर मीही तिथंच चिकटलो असतो. नळी फायबरची, कोरडी, तिच्यातून लाईट जात नाही. मी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि आईच्या हातावर घातली.

पहिला घाव मेंढीवर बसला. दुसरा मनगटाच्या वर. ऊस मोडावा तसा कडाड आवाज झाला आणि तिची मूठ उघडली. ती मागं चिखलात पडली. ओठ काळेनिळे. मी तिच्या छातीवर मुठी मारल्या, गालावर मारलं, "उठ! उठ म्हातारे! उठ की गं!" किती वेळ ते मला माहीत नाही. मग तिला एक उचकी आली, खोकला आला आणि तिनं डोळे उघडून पहिला शब्द काढला तो असा.

"मेल्या, हात मोडलास माझा."

मी हसायला लागलो. रडत होतो आणि हसत होतो. त्याच वेळी पाठीत पहिली लाथ बसली.

आप्पांच्या रस्त्याकडच्या रानात कांदे काढायला माणसं लागली होती. तार लांबून दिसत नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की हा गडी काठी घेऊन पळत आला आणि म्हाताऱ्या आईला खाली पाडून बडवायला लागला. कुणीही माणूस धावून आला असता. आणि सगळ्यांच्या पुढं थोरला होता. "आईला मारतोय! धरा भडव्याला! पिऊन आलाय!" त्याला सगळं ठाऊक होतं. मेंढी बघून त्याला कळलं होतं. म्हणूनच तो सगळ्यांत जोरात ओरडत होता.

त्यांनी मला मारलं. कुणी बुक्क्या घातल्या, कुणी चपलेनं, एक परगावचा मजूर "माँ को मारता है, साले!" म्हणत खुरप्याच्या दांड्यानं पायावर घाव घालत होता. बरगडी मोडलेली मला आतून कळली. मी ओरडत होतो, "तारेला लाईट हाय! तारेला शिवू नका!" पण तोंडात माती आणि रक्त, शब्द फुटत होता कुठं. थोरल्यानं मला उताणा पाडला, छातीवर बसला आणि गुडघा गळ्यावर ठेवला. मग माझा तेवढाही आवाज बंद झाला.

आप्पा आले. गर्दी बाजूला झाली.

"काय चाललंय?"

"आईचा हात मोडला ह्यानं," थोरला म्हणाला. "वर म्हणतोय तारेत लाईट हाय. मेंढी गळफास लागून मेली. उगा आपल्यावर ढकलतोय."

आप्पांनी मेंढीकडं बघितलं. मग थोरल्याकडं. "मशीनवरच हाय ना तार?"

"व्हय."

"मी सकाळचं बंद ठिवायला सांगितलं हुतं."

"ते... इसरलो बंद करायला."

शेळी जाते जिवानिशी म्हणतात, तसं चाललं होतं ते. आप्पांचा विश्वास बसला. का नाही बसणार? पोटचा पोरगा होता, आणि समोर मी, ज्यानं त्याचा दात पाडला होता. आप्पा माझ्याकडं बघून थुंकले.

तेव्हा आई बोलली. चिखलात बसली होती, मोडलेला हात मांडीवर घेऊन. आवाज इतका बारीक की लोक गप्प झाले तेव्हा कळलं.

"आप्पा. मशीनवर हाय ना?"

"व्हय वहिनी."

"मग धरा तार. पाव्हण्यांना दावता तशी. समद्यांच्या देखत."

आप्पा ताठ झाले. भरल्या गर्दीत एका बाईनं त्यांच्या शब्दावर बोट ठेवलं होतं. "धरतो की," ते म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि तारेकडं निघाले.

मला सगळं दिसत होतं. बांध ओला, आप्पांचे पाय अनवाणी, चिखल म्हणून चपला जीपपाशी काढलेल्या. मला ओरडायचं होतं आणि गळ्यावर गुडघा होता. मी थोरल्याच्या डोळ्यांत बघत होतो. तो माझ्याकडं बघत नव्हता, बापाच्या हाताकडं बघत होता. आप्पांचा हात पुढं गेला. तारेपासून वीतभर राहिला असेल.

गुडघा उचलला गेला.

"आप्पाऽऽ! नगा! लायटीवर हाय! मीच जोडलीय! नगाऽऽ!"

आप्पांचा हात तिथंच थांबला. थोरला पळत सुटला, दोनदा पडला आणि बापाच्या पायांना मिठी मारून त्यांना मागं ओढत घेऊन गेला. दोघं कांद्याच्या वाफ्यात पडले. मला मारणारा तो मजूर हातातल्या दांड्याकडं बघत राहिला, मग त्यानं तो खाली ठेवला.

आप्पा उठले. अंगावरची माती झटकली नाही. मोटारीच्या पेटीपाशी जाऊन मेन खाली ओढली, तारेचा आकडा उपसून फेकला. मग परत येताना माझी ती नळी पडली होती ती उचलली, आणि थोरल्याला मारायला लागले. पाठीवर, मांड्यांवर, हातांवर. तो हलला नाही, चुकवलं नाही, नुसता वाफ्यात बसून राहिला. नळी उलली आणि तिच्या फायबरची कुसळं उडायला लागली तरी ते थांबले नाहीत. कुणाची टाप होती त्यांना धरायची?

"पुरं आता, आप्पा," आई म्हणाली. "माझा हात दुखतोय. गाडी काढा."

आप्पांनी नळी टाकली. त्यांनी स्वतः आईला उचलून जीपमध्ये बसवलं, मला मागं आडवं टाकलं, आणि थेट दौंडच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी त्यांनीच थोरल्याला नेऊन पोलीस ठाण्यात बसवलं आणि स्वतः सगळं सांगितलं. गावातल्या लोकांनी, पाहुण्यारावळ्यांनी मिटवा म्हणून खूप डोकेफोड केली. आप्पा ऐकले नाहीत.

दवाखान्यात आईचा हात प्लॅस्टरात, माझी छाती पट्टीत, शेजारशेजारच्या खाटा. मला एक गोष्ट डाचत होती. मी विचारलं, "आई, तुला तर ठाव हुतं तारेत लाईट हाय. आप्पांनी खरंच हात लावला असता तर?"

ती छताकडं बघत होती.

"न्हाई लावू दिला असता त्यानं," ती म्हणाली. "पोरगं कसलं बी नालायक असू दे, बाप मरताना बघत न्हाई. तुझ्यावरनं ठाव हाय मला."

एवढं बोलून ती कुशीवर वळली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. मी मात्र जागाच होतो. आयुष्यात तिनं मला दिलेलं शाबासकीचं सर्टिफिकेट हे एवढंच, आणि त्यातही नालायक हा शब्द आहेच.

आता बांधावर पुन्हा झटका मशीन आहे, नवं. सकाळचं बंद ठेवू का म्हणून आप्पांनी निरोप पाठवला होता. मी नको म्हणालो. दोन टिकांच्या मधल्या वेळात मोजायची युक्ती मी आता बसवलीय, थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे. ग्राहक कधी विचारतात, हे पडद्यावर सेकंदासेकंदाला काय उठतंय? मी सांगतो, शेजारी आहेत.

रोज सकाळी मी आधी रिकामं ऐकतो. आई फाटकाला वाकडा हात लावून उभी असते, मेंढ्या तिच्या पायांत ढुशा मारत असतात, आणि ती खोलीच्या दाराकडं बघत असते. लाईट येईपर्यंत ती फाटक उघडत नाही. लाईट येते, मोटारी सुरू होतात, मी अँटेनाचं नाक बांधाकडं करतो आणि कान देतो. टिक. टिक. टिक. मग मी दारातून हात वर करतो, आणि ती मेंढ्या सोडते.